अलेक्झांडर ग्रॅहाम बेल

अलेक्झांडर ग्रॅहाम बेल (३ मार्च १८४७ – २ ऑगस्ट १९२२) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले, कॅनडात स्थलांतरित झालेले आणि पुढे अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारलेले संशोधक व कर्णबधिरांचे शिक्षक होते. टेलिफोनचे जनक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. मात्र त्यांच्या कुटुंबाने १८७० साली मायदेश सोडला तो कीर्तीसाठी किंवा अर्थार्जनासाठी नव्हे. क्षयरोगाने दोन मुलगे हिरावून नेल्यावर उरलेल्या एकुलत्या एका मुलाला वाचविणे, हाच त्या प्रवासाचा हेतू होता.

कुटुंब

बेल यांचा जन्म एडिंबरा येथे झाला. आजोबा व वडील दोघेही वक्तृत्व आणि उच्चारशास्त्राचे अध्यापक होते. वडील अलेक्झांडर मेल्व्हिल बेल यांनी तोंडातील अवयवांच्या हालचाली चिन्हांनी दाखविणारी ‘दृश्य वाणी’ ही लेखनपद्धती तयार केली. आई एलायझा यांना फार कमी ऐकू येत असे. इतर लोक त्यांच्या कर्णनळीत मोठ्याने बोलत. अलेक्झांडर मात्र त्यांच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, खोल आवाजात बोले आणि ते त्यांना समजे. ध्वनी म्हणजे कंपन, हा धडा त्याला घरातच मिळाला असे म्हणावयास हरकत नाही. मेल्व्हिल हा थोरला व एडवर्ड हा धाकटा भाऊ होता. ‘ग्रॅहाम’ हे मधले नाव जन्माच्या वेळी नव्हते. कॅनडातील एका कुटुंबस्नेह्याच्या नावावरून ते अकराव्या वाढदिवशी मिळाले.

क्षयरोग आणि स्थलांतर

१८६७ साली एडवर्डचा क्षयाने मृत्यू झाला. कुटुंब तोवर लंडनला आले होते. अलेक्झांडर तेथे कर्णबधिर मुलांना शिकवीत, वडिलांच्या कामात मदत करीत आणि रात्री उशिरापर्यंत ध्वनीचे प्रयोग करीत. मे १८७० मध्ये मेल्व्हिलही त्याच रोगाने गेला. तेवीस वर्षांच्या अलेक्झांडर यांची प्रकृतीही खालावलेली होती आणि तिसराही मुलगा जाणार अशी भीती आईवडिलांना वाटू लागली.

त्या काळी या रोगावर औषध नव्हते. क्षयाच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी जाहीर केला तो १८८२ साली. तोवर हवापालट, विश्रांती आणि सकस आहार एवढेच वैद्यांच्या हाती होते. वडील स्वतः तरुणपणी आजारी पडले असता न्यूफाउंडलंडला राहून बरे झाले होते. तो अनुभव आठवून त्यांनी लंडनमधील प्रस्थापित व्यवसाय व घर मोडले. अलेक्झांडर यांची जाण्याची फारशी इच्छा नव्हती, तरी आईवडिलांची अवस्था पाहून त्यांनी होकार दिला. जुलै १८७० मध्ये आईवडील, अलेक्झांडर आणि मेल्व्हिलची विधवा पत्नी कॅरोलाइन असे चौघे जण ‘नेस्टोरियन’ जहाजाने निघाले आणि १ ऑगस्ट रोजी क्वेबेकला उतरले.

ऑन्टॅरिओतील ब्रँटफर्डजवळ टुटेलो हाइट्स येथे त्यांनी साडेदहा एकरांची बाग व घर विकत घेतले. घरामागे ग्रँड नदीच्या उंच काठावर एक खोलगट जागा होती. अलेक्झांडर तेथे पांघरूण, उशी आणि पुस्तके घेऊन दिवसचे दिवस पडून राहत. काही महिन्यांतच त्यांची प्रकृती सुधारली. हे श्रेय कॅनडाच्या हवेचे की सक्तीने घडलेल्या विश्रांतीचे, हे ठरविणे कठीण आहे. लंडनमधील त्यांची जागरणे पाहता विश्रांतीचा वाटा लहान नसावा. जवळच्या वसाहतीतील मोहॉक लोकांची भाषा ते याच काळात शिकले आणि तिचे उच्चार त्यांनी वडिलांच्या चिन्हांत उतरविले. मोहॉकांनी त्यांना मानद प्रमुख केले.

बॉस्टन आणि टेलिफोन

बॉस्टनच्या कर्णबधिर शाळेतील शिक्षकांना ‘दृश्य वाणी’ शिकविण्याचे निमंत्रण खरे तर वडिलांना होते. त्यांनी मुलाला पाठविले. १८७१ पासून बेल बॉस्टनला शिकवू लागले आणि १८७३ मध्ये बॉस्टन विद्यापीठात प्राध्यापक झाले. सुट्टीत मात्र ते ब्रँटफर्डला परतत. टेलिफोनची मूळ कल्पना त्यांनी १८७४ च्या उन्हाळ्यात तेथेच वडिलांपुढे मांडली. ७ मार्च १८७६ रोजी त्यांना अमेरिकेचे एकस्व मिळाले. त्यावरून पुढे अनेक वर्षे खटले चालले, पण त्यांचा हक्क न्यायालयात टिकला.

विवाह व अपत्ये

११ जुलै १८७७ रोजी त्यांनी आपली विद्यार्थिनी मेबल हबर्ड यांच्याशी विवाह केला. लोहितांग ज्वरामुळे मेबल यांची श्रवणशक्ती बालपणीच गेली होती. कंपनीतील आपल्या भागांपैकी दहा वगळता सर्व भाग बेल यांनी लग्नाच्या वेळी पत्नीच्या नावे केले. त्यांना एल्सी व मेरियन या दोन मुली झाल्या. दोन मुलगे मात्र जन्मतःच दगावले. १८८१ साली गेलेल्या पहिल्या मुलाला, एडवर्डला, श्वास घेता येत नव्हता. त्या दुःखानंतर बेल यांनी छातीभोवती बसविण्याचे, हवेच्या दाबाने श्वासोच्छ्वास चालविणारे यंत्र तयार केले. पोलिओच्या रुग्णांसाठी पुढे वापरात आलेल्या ‘लोहफुप्फुसा’चे ते पूर्वरूप मानले जाते.

आई आणि पत्नी दोघी बधिर असूनही, किंबहुना कदाचित त्यामुळेच, बेल यांनी खुणांच्या भाषेऐवजी ओष्ठवाचन व तोंडी बोलण्याचा आग्रह धरला. बधिर व्यक्तींनी आपसांत विवाह करू नयेत, असेही मत त्यांनी मांडले. बधिर समाजात त्यांच्यावर आजही तीव्र टीका होते आणि ती निराधार नाही.

अखेरची वर्षे

१८८२ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले, तरी उन्हाळ्यात त्यांचा ओढा कॅनडाकडेच राहिला. नोव्हा स्कोशियातील बॅडेक येथे त्यांनी घर बांधले आणि विमाने व वेगवान नौकांचे प्रयोग केले. त्यांच्या गटाचे ‘सिल्व्हर डार्ट’ हे विमान २३ फेब्रुवारी १९०९ रोजी तेथील गोठलेल्या सरोवरावरून उडाले. ज्या मुलाच्या जगण्याची शाश्वती तेविसाव्या वर्षी नव्हती, तो पंचाहत्तर वर्षे जगला. मधुमेहाच्या विकाराने २ ऑगस्ट १९२२ रोजी बॅडेक येथे त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी उत्तर अमेरिकेतील टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले. मेबल यांचे निधन त्यानंतर पाच महिन्यांनी, ३ जानेवारी १९२३ रोजी झाले.