पत्र्याच्या विमानाचे प्राध्यापक

थंडीत सकाळी सहाला हॉस्टेलच्या गीझरसमोर बादली घेऊन रांगेत उभी राहते, तेव्हा मला हमखास एका माणसाची आठवण येते. ह्युगो युंकर्स. थर्मोडायनॅमिक्सच्या लेक्चरला सरांनी युंकर्सच्या गॅस कॅलरीमीटरचं नाव घेतलं आणि मी लायब्ररी गाठली. (मी कॉन्व्हेंटची, मराठीत चुकलं तर सांभाळून घ्या!)

युंकर्स यांचा जन्म ३ फेब्रुवारी १८५९ रोजी जर्मनीत झाला. कॅलरीमीटरनंतर १८९५ मध्ये त्यांनी डेसाऊ गावात अंघोळीचं पाणी गॅसवर तापवणाऱ्या हीटरचा कारखाना काढला. १८९७ पासून ते आखेन इथे प्राध्यापकही होते. विमानांकडे वळले ते पन्नाशीच्या सुमारास, आणि हीटरची कमाई त्यात ओतली. सगळे जण लाकूड आणि कापडाची विमानं बनवत होते, तेव्हा १९१५ मध्ये त्यांनी चक्क पोलादी पत्र्याचं विमान उडवलं.

खरी परीक्षा पुढेच होती. २५ जून १९१९ रोजी त्यांचं एफ-१३ हे चार प्रवाशांचं, संपूर्ण धातूचं विमान पहिल्यांदा उडालं. तीनच दिवसांनी व्हर्सायचा तह झाला आणि हरलेल्या जर्मनीवर विमानबंदी आली. १९२१ मध्ये दोस्त राष्ट्रांनी ती पुन्हा कडक केली. १९२२ मध्ये उत्पादनाला परवानगी मिळाली, पण वेग, उंची, वजन सगळ्यावर मर्यादा!

आपण असतो तर कारखान्याला कुलूप लावलं असतं. युंकर्सनी वाटा शोधल्या. विमानं अमेरिकेत विकली. मॉस्कोजवळ फिली इथे आणि स्वीडनमध्ये लिमहाम्न इथे कारखाने उभे केले, कारण बंदी जर्मनीच्या हद्दीत होती. छोट्या देशांतल्या विमान कंपन्यांकडे रोख पैसा नव्हता, तर त्यांना विमानं देऊन बदल्यात शेअर घेतले. स्वतःची प्रवासी विमानसेवाही काढली. एफ-१३ ची तीनशेहून जास्त विमानं बनली.

पण फिलीचा सौदा अंगाशी आला. जर्मन लष्कराच्या पाठिंब्यावर ते तिथे गेले होते, पैसा मात्र पुरेसा आला नाही. कर्ज वाढलं, आणि १९२६ मध्ये सरकारने त्यांची विमानसेवा दुसऱ्या कंपनीत विलीन करून लुफ्त हान्सा स्थापन केली. १९३२ मध्ये देणी भागवायला हीटरचा धंदाही विकावा लागला. म्हणजे ज्या गीझरवर सगळं उभं राहिलं, तोच गेला.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. त्यांना पेटंट आणि कारखाने हवे होते. देशद्रोहाच्या खटल्याची धमकी देऊन त्यांनी सह्या घेतल्या. म्हाताऱ्या प्राध्यापकांना डेसाऊ सोडायला लावून नजरकैदेत ठेवलं. ३ फेब्रुवारी १९३५ रोजी, शहात्तराव्या वाढदिवशीच, ते गेले. पुढे त्यांचंच नाव लावून बॉम्ब टाकणारी विमानं उडाली.

मला हे वाचून वाईट वाटलं, आणि एक गोष्ट कळली. वेग किती, वजन किती, अशा नियमांतून इंजिनीअर वाट काढू शकतो. पण सरकारने कारखानाच हातातून काढून घेतला, तर त्याला कुठलंही डिझाईन पुरत नाही.

असो. गीझरची रांग पुढे सरकली, निघते!