सर छोटूराम आणि पंजाबचा फसलेला प्रयोग

पंजाबच्या फाळणीचा इतिहास सामान्यतः धर्माच्या भाषेत सांगितला जातो. परंतु त्याच पंजाबात १९२३ पासून सुमारे दोन तपे मुसलमान, हिंदू आणि शीख शेतकऱ्यांच्या हितसंबंधांवर उभा असलेला एक पक्ष प्रभावी होता आणि त्यातील जवळजवळ दहा वर्षे सत्ता त्याच्याच हाती होती, ही गोष्ट सहसा विसरली जाते. त्या युनियनिस्ट पक्षाचे एक संस्थापक आणि त्याच्या आर्थिक धोरणाचे प्रमुख शिल्पकार म्हणजे सर छोटूराम.

त्यांचा जन्म २४ नोव्हेंबर १८८१ रोजी रोहतक जिल्ह्यातील गढी सांपला या गावी एका सामान्य जाट कुटुंबात झाला. घरची जमीन थोडी आणि डोक्यावर कर्ज. मुलाच्या शिक्षणासाठी पैसे मागावयास वडील सावकाराकडे गेले, तेव्हा सावकाराने त्यांना प्रथम पंख्याची दोरी ओढावयास लावली, अशी हकीकत त्यांचे चरित्रकार सांगतात. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयातून ते पदवीधर झाले, पुढे वकील झाले, १९१६ मध्ये त्यांनी ‘जाट गॅझेट’ हे पत्र काढले. रोहतक जिल्हा काँग्रेसचे ते काही वर्षे अध्यक्षही होते. परंतु असहकाराचा कार्यक्रम शेतकऱ्याला झेपणारा नाही, असे त्यांचे मत पडले आणि १९२० मध्ये त्यांनी काँग्रेस सोडली. फझल-ए-हुसेन यांच्याबरोबर १९२३ मध्ये त्यांनी युनियनिस्ट पक्ष उभारला.

या पक्षाचे राजकारण समजण्यासाठी पंजाबातील कर्जाचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. माल्कम डार्लिंग या मुलकी अधिकाऱ्याने १९२० च्या सुमारास केलेल्या पाहणीत शंभरांतले जेमतेम सतरा जमीनमालक ऋणमुक्त आढळले होते. पश्चिम पंजाबात कर्जदार बहुधा मुसलमान, तर सावकार बहुधा हिंदू खत्री अथवा अरोडा. वर्गाची रेषा आणि धर्माची रेषा तेथे जवळजवळ एकच होऊन बसली होती. आपल्याकडे १८७५ मध्ये सुपे येथे सावकारांच्या वह्या जळल्या, त्यानंतर सरकारने दख्खन शेतकरी कायदा केला. तोच धडा मनात धरून पंजाब सरकारने १९०० मध्ये जमीन हस्तांतरणावर निर्बंध घातले आणि ‘शेतकरी’ जातीची जमीन बिगरशेतकरी जातीकडे जाण्यास अटकाव केला.

छोटूराम यांचे महत्त्व नेमके येथे आहे. रोहतकमध्ये कर्जदारही हिंदू आणि सावकारही हिंदू. सावकारशाहीविरुद्धचा लढा म्हणजे हिंदूंविरुद्धचा लढा, हा शहरी वृत्तपत्रांचा आरोप त्यांच्या तोंडावर फेकता येत नसे. स्वतः आर्यसमाजी असलेला हा पुढारी लायलपूरच्या मुसलमान शेतकऱ्यापुढे उभा राहून त्याच्याच व्याजाचा हिशेब मांडीत असे, आणि तो शेतकरी ऐकत असे. पंजाबात ‘जमीनदार’ हा शब्द लहान शेतमालकालाही लावतात, हे येथे सांगितले पाहिजे. नाहीतर मराठी वाचकाचा गैरसमज व्हावयाचा.

१९३४ च्या ऋणनिवारण कायद्याने दामदुपटीचे तत्त्व आणि कर्ज-समझोता मंडळे आणली. १९३७ च्या निवडणुकीत १७५ पैकी निम्म्याहून अधिक जागा युनियनिस्टांना मिळाल्या. मुस्लिम लीगच्या वाट्याला अवघ्या दोन आल्या. सिकंदर हयातखान यांच्या मंत्रिमंडळात छोटूराम विकासमंत्री झाले आणि पुढील दोन वर्षांत कायद्यांची मालिकाच निघाली. सावकाराला नोंदणी व परवाना सक्तीचा झाला. ८ जून १९०१ पूर्वीची गहाण जमीन मूळ मालकाला परत मिळू लागली. बेनामी व्यवहारांना चाप बसला. १९३९ च्या बाजार कायद्याने मंडईच्या समित्यांवर शेतकरी बसू लागला आणि मापाडी-अडत्यांच्या मनमानी कटौतीला आळा घातला गेला. खेड्यांनी यांना सोनेरी कायदे म्हटले, शहरांनी काळे कायदे.

तथापि या सोन्यात हीणही होते. ‘शेतकरी’ कोण, हे नांगरावरून ठरत नव्हते. सरकारने अधिसूचित केलेल्या जातींच्या यादीवरून ठरत होते. पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबणारा दलित त्या यादीत नव्हता, म्हणून पैसे साठवूनही त्याला शेतजमीन विकत घेणे दुरापास्त होते. धर्माच्या जागी आणलेली ओळखही अशी जन्मावरच आधारलेली होती. शिवाय पक्षाचे सुकाणू बड्या जहागीरदारांच्या आणि पिरांच्या हाती होते. जमिनीच्या फेरवाटपाचा प्रश्न त्यांनी उचलणे शक्यच नव्हते. आणखी एक गोष्ट छोटूराम यांचे भक्त टाळतात. १९४३ मध्ये बंगाल उपासमारीने तडफडत असता, गव्हाच्या दरावर केंद्राने मर्यादा घालण्यास पंजाब मंत्रिमंडळाचा विरोध होता आणि त्यात ते आघाडीवर होते. उत्पादकाला भाव मिळालाच पाहिजे, ही त्यांची भूमिका. भुकेलेला ग्राहक त्या हिशेबात बसत नव्हता.

पक्षाच्या पायाला पहिली भेग सत्तेच्या पहिल्याच वर्षी पडली. ऑक्टोबर १९३७ मध्ये सिकंदर यांनी जिनांशी करार करून पक्षातील मुसलमान सदस्यांना लीगचे सभासद होण्यास मोकळीक दिली. प्रांतात युनियनिस्ट, देशात लीग, अशी ही दुहेरी निष्ठा होती; विभक्त मतदारसंघांत ती फार काळ टिकणे कठीणच होते. डिसेंबर १९४२ मध्ये सिकंदर वारले. १९४४ मध्ये जिनांनी पक्षाचे नावच बदलण्याचा आग्रह धरला, तेव्हा खिज्र हयातखान तिवाना यांनी नकार दिला, आणि त्या नकारामागे छोटूराम यांचे बळ होते. त्या वर्षी ते सभांमागून सभा घेत हिंडले. फाळणीच्या तत्त्वाला मान्यता देऊ नये, असे गांधीजींनाही त्यांनी कळविले. परंतु युद्धकाळातील महागाई, कापड-साखरेची टंचाई आणि धान्यवसुली यांचा राग आता याच सरकारवर निघत होता, आणि व्याजाचे जुने हिशेब मागे पडत चालले होते.

भाक्रा धरणाच्या योजनेचे काम चालू असतानाच ९ जानेवारी १९४५ रोजी लाहोर येथे छोटूराम यांचे निधन झाले. पुढील वर्षीच्या निवडणुकीत पीर आणि मोठे जमीनमालक लीगकडे वळले आणि मुस्लिम जागांपैकी बहुतेक लीगने जिंकल्या. खिज्र यांनी काँग्रेस व अकालींच्या साहाय्याने वर्षभर कारभार रेटला. मार्च १९४७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि पंजाब पेटला. पुढील काही महिन्यांत रोहतकचे मुसलमान शेतकरी पश्चिमेकडे गेले, लायलपूरचे हिंदू-शीख शेतकरी पूर्वेकडे आले. ज्यांच्या गहाण जमिनी आठ-नऊ वर्षांपूर्वीच सुटल्या होत्या, तेही त्यांत होते.