संगीतशिक्षकांचे शिक्षक : पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

आपल्या धर्मग्रामांतील अनेक मुले-मुली आज पियानो किंवा कीबोर्ड शिकत आहेत. काहीजण ट्रिनिटीच्या परीक्षा देतात आणि त्यांतील एखाद्याला पुढे संगीतशिक्षक होण्याची इच्छा असते. परंतु वाजविता येणे आणि शिकविता येणे या दोन भिन्न विद्या आहेत. दुसरीचेही रीतसर शिक्षण घ्यावे लागते, हा विचार आपल्याकडे ज्यांनी संस्था उभारून रुजविला, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे चरित्र म्हणूनच जाणून घेण्यासारखे आहे.

संगमेश्वर तालुक्यातील साखरपा मागे टाकून आंबा घाट चढला की वाट कोल्हापूरकडे जाते. तेथून पुढे कुरुंदवाड आणि मिरज ही त्यांची जन्मभूमी व विद्याभूमी. १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे एका कीर्तनकाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालपणी फटाक्याच्या दारूने त्यांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. दृष्टी अधू झाल्यामुळे शालेय शिक्षण खुंटले आणि मिरज येथे पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांचे संगीतशिक्षण सुरू झाले.

त्या काळी विद्यार्थी गुरूच्या घरी राहून सेवा करीत असे. अभ्यासक्रम, पुस्तक वा परीक्षा यांपैकी काहीच नव्हते. गायकाला दरबारात बिदागी मिळे, पण समाजात प्रतिष्ठा नव्हती. हे चित्र पालटण्याच्या निश्चयाने १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. पुढे तिकीट लावून जाहीर कार्यक्रम करण्याचे धाडस त्यांनी केले.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. एखाद्या संस्थानिकावर नव्हे, तर लोकाश्रयावर ते चालणार होते. इयत्तावार अभ्यासक्रम, स्वतःची स्वरलेखनपद्धती, छापील क्रमिक पुस्तके आणि स्त्रियांसाठीही वर्ग, अशी त्याची रचना होती. त्यातील सर्वांत दूरदर्शी योजना म्हणजे उपदेशक वर्ग. निवडक तरुणांना ९ वर्षांच्या करारावर संस्थेत ठेवून त्यांच्या निवासाचा व भोजनाचा भार पंडितजी स्वतः उचलीत. हे विद्यार्थी गायन शिकतच, शिवाय खालच्या वर्गांना शिकवून अध्यापनाचा अनुभवही घेत.

१९०८ साली मुंबईत शाखा सुरू झाली. पुढे तेथे संस्थेसाठी भव्य इमारत उभारली गेली, तीही कर्ज काढून. मैफली करून हप्ते भागविण्याची त्यांची धडपड अपुरी ठरली आणि १९२४ मध्ये त्या वास्तूचा लिलाव झाला. आयुष्यभराचे स्वप्न डोळ्यांदेखत मोडले. घरीही त्यांनी अनेक अपत्यांचे मृत्यू सोसले होते. अखेरच्या काळात नाशिकच्या आश्रमात ते भक्तिसंगीतात रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले, तेव्हा पुत्र दत्तात्रेय अवघा १० वर्षांचा होता. पुढे तोच पं. द. वि. पलुस्कर या नावाने थोर गायक झाला.

इमारत गेली, परंतु घडविलेले शिक्षक उरले. विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ साली पुण्यात विद्यालय काढले. ओंकारनाथ ठाकूर यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाची धुरा वाहिली. बी. आर. देवधर यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला आणि मुंबईतील आपल्या विद्यालयात कुमार गंधर्व यांच्यासारखा शिष्य घडविला. गुरूंच्या निधनानंतर त्याच वर्षी शिष्यांनी स्थापन केलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘विशारद’ आदी परीक्षा आजही घेतल्या जातात.

पियानोचे अध्यापन हा पदवी-अभ्यासाचा विषय म्हणून निवडू पाहणाऱ्या तरुणांनी आणि त्याविषयी साशंक असलेल्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे. उत्तम वादकाची कला एका सभागृहापुरती असते. उत्तम शिक्षकाची कला मात्र पिढ्यानपिढ्या चालते, आणि तिच्यासाठी ९ वर्षांची साधनाही पंडितजींना अधिक वाटली नव्हती.