सावे दादा : भारताचे पहिले माहितीपटकार

इंग्रजीच्या तासाला डॉक्युमेंटरी आणि मॉक्युमेंटरी हे दोन शब्द आले की मुलं हमखास गोंधळतात. डॉक्युमेंटरी म्हणजे माहितीपट, खऱ्या माणसांचं आणि खऱ्या घटनांचं चित्रण. मॉक्युमेंटरी दिसते अगदी तशीच, पण आतली गोष्ट रचलेली असते. हा फरक समजून घ्यायला एका मराठी माणसाचं आयुष्य उपयोगी पडतं.

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांचा जन्म १८६८ साली मुंबईत झाला. लोक त्यांना सावे दादा म्हणत. ते व्यवसायाने छायाचित्रकार होते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. ती पाहून सावे दादा भारावून गेले. नुसतं पाहून थांबले नाहीत, तर २१ गिनी मोजून त्यांनी थेट लंडनहून कॅमेरा मागवला.

१८९९ मध्ये त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती चित्रित केली. फिल्म धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. एका भारतीयाने केलेलं हे पहिलं चित्रण मानलं जातं. त्यानंतर त्यांनी माकडांचा खेळ करणारा मदारी टिपला. राजा-राणी नाही, देव-दानव नाही. रस्त्यावरचा साधा माणूस पडद्यावर आला!

त्याच १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिज विद्यापीठात गणितात पहिले आले. सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. १९०१ च्या डिसेंबरात ते मायदेशी परतले, तेव्हा मुंबईत त्यांचं मोठं स्वागत झालं. सावे दादांनी ते कॅमेऱ्यात पकडलं. भारतातला पहिला बातमीपट तो हाच म्हणतात.

आता गंमत बघा. १९०२ साली इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा राज्याभिषेक झाला. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांनी तो सोहळा होण्याआधीच नट आणि रंगवलेले पडदे वापरून आपल्याकडे चित्रित करून ठेवला होता! त्याच राज्याभिषेकानिमित्त १९०३ मध्ये दिल्लीत दरबार भरला, तेव्हा सावे दादा कॅमेरा घेऊन स्वतः तिथे गेले. राजा एकच, पण एकाने प्रसंग उभा केला आणि दुसऱ्याने घडणारा प्रसंग गाठला.

मग सावे दादांचं सगळंच आपोआप घडलेलं होतं का? तसंही नाही. ती कुस्ती कॅमेऱ्यासाठी मुद्दाम ठरवलेली होती. पण पैलवान खरे होते आणि कुस्तीही खरी होती. म्हणून माहितीपट पाहतानासुद्धा हे कोणी ठरवलं, कॅमेरा कुठे ठेवला, काय दाखवलं आणि काय गाळलं, हे विचारायलाच हवं.

पुढे भावाच्या निधनानंतर त्यांनी कॅमेरा विकून टाकला. नंतर ते मुंबईच्या गेईटी थिएटरचे व्यवस्थापक झाले. १९५८ साली त्यांचं निधन झालं. दादासाहेब फाळके यांचं नाव घरोघरी पोचलं, सावे दादा मात्र पुस्तकातल्या एखाद्या ओळीत राहिले.

आज प्रत्येक घरात मोबाईल आहे, म्हणजे कॅमेरा आहे. आलेला प्रत्येक व्हिडिओ आपण खरा मानतो आणि लगेच पुढे ढकलतो. तिथेच फसगत होते. कधी कधी त्या एका व्हिडिओवरून एखाद्या निरपराध माणसाची बदनामी होते.

उपक्रम : आपल्या गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांधीत सारस पक्षी दिसतो. गट पहिला : सारस दुरूनच, त्याला त्रास न देता, टिपा आणि शेतकऱ्याला त्याच्याबद्दल विचारा. ही झाली डॉक्युमेंटरी. गट दुसरा : दोघांनी सारस बनून माणसांबद्दल तक्रार करणारी मुलाखत द्या. ही झाली मॉक्युमेंटरी. दोन्ही वर्गात दाखवा आणि कोणत्या खुणांवरून फरक ओळखला, ते इंग्रजीत पाच वाक्यांत लिहा.