मेंदूच्या रक्तवाहिन्या पहिल्यांदा दाखवल्या यांनी, पण नोबेल मिळालं भलत्याच कामासाठी!

समजा, भंडारा-नागपूर हायवेवर कुणी दुचाकीवरून पडलं. डोक्याची जखम भरली. पण काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, एक डोळा लालभडक होऊन पुढे आला. एकाचे दोन दिसू लागले. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर डोक्यात सूंऽ सूंऽ आवाज. घरचे म्हणणार, डोळे आलेत, ड्रॉप टाका!

पण मंडळी, दुखणं डोळ्याच्या मागे असू शकतं. तिथे कवटीच्या तळाशी कॅरोटिड धमनी शिरांच्या एका पोकळीतून जाते. माराने ती फाटली की धमनीचं जोरातलं रक्त थेट शिरांमध्ये घुसतं. याला कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्टुला म्हणतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर नजर जाऊ शकते.

भोक नेमकं कुठे आहे, हे अँजिओग्राफीत दिसतं. मेंदूची अँजिओग्राफी शोधली पोर्तुगालच्या एगास मोनीझ यांनी.

जन्म १८७४, आवांका गावचा. माणूस भन्नाट! लिस्बनमध्ये मेंदूविकारांचे प्राध्यापक, शिवाय खासदार, स्पेनमध्ये राजदूत आणि १९१८ मध्ये परराष्ट्रमंत्री. आपल्या गोव्याच्या आबे फारिया या संमोहनतज्ज्ञ पाद्र्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं.

राजकारण सोडल्यावर त्यांनी एक प्रश्न धरला. साध्या एक्स-रेमध्ये मेंदू दिसत नाही, मग रक्तातच एक्स-रेवर उमटणारं औषध सोडलं तर? आधी मृतदेहांवर प्रयोग झाले, मग रुग्णांवर. संधिवाताने मोनीझ यांची बोटं वाकडी झालेली, त्यामुळे हातातलं काम सहकारी आल्मेडा लिमा करायचे. सुरुवातीच्या औषधाने एक रुग्ण दगावला. औषध बदललं आणि २८ जून १९२७ ला जिवंत माणसाच्या मेंदूच्या धमन्या फिल्मवर स्पष्ट उमटल्या.

त्याआधी अशा फिस्टुलावर मानेतली धमनीच बांधून टाकत. लंडनच्या बेंजामिन ट्रॅव्हर्स यांनी १८०९ मध्ये ते केलं होतं. मेंदूचा रक्तपुरवठाच तोडायचा, म्हणजे पक्षाघाताचा धोका आलाच. चित्र मिळाल्यावर नेम धरता आला. सत्तरच्या दशकात मॉस्कोच्या फ्योदोर सर्बिनेन्को यांनी बारीक नळीतून फुगा नेऊन भोक बुजवलं. आता बहुधा मांडीच्या धमनीतून नळी वर नेतात आणि प्लॅटिनमच्या कॉइल्स भरतात. कवटी उघडावी लागत नाही.

अँजिओग्राफीसाठी मोनीझ यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं गेलं, मिळालं नाही. १९४९ मध्ये ते मिळालं मानसिक रुग्णांच्या मेंदूतले तंतू कापण्याच्या शस्त्रक्रियेसाठी! तिने पुढे हजारो आयुष्यं उद्ध्वस्त केली, आणि ते नोबेल काढून घ्या म्हणून रुग्णांच्या नातेवाइकांनी मोहीमही चालवली. मोनीझ १९५५ मध्येच वारले होते.