तीन इंचांचा अग्निबाण

मुलांनो, अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूर हे गाव तुम्ही ऐकले असेल. घरांना कडी-कुलूप न लावणारे गाव म्हणून ते प्रसिद्ध आहे. तेथील शनीची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे. तिच्यावर छप्पर नाही. वर नजर टाकली की सरळ आकाश दिसते. ज्याचे नाव या गावाला मिळाले, तो शनी ग्रहही वर्षातील बरेच महिने साध्या डोळ्यांनी त्याच आकाशात दिसतो.

दिवाळीत गावोगावी मुले मोठ्या माणसांसोबत बाटलीत बाण उभा करतात. वात पेटते, सूं असा आवाज होतो आणि बाण वर जातो. तो कसा उडतो? आतील दारू जळते. तिचा गरम वायू खालच्या तोंडातून जोराने बाहेर पडतो आणि तेवढ्याच जोराने बाणाला वर ढकलतो. फुगवलेला फुगा हातातून सुटला की असाच पळतो. पण फुगा वेडावाकडा पळतो आणि बाण सरळ जातो, कारण त्याला लांब काडी बांधलेली असते. मोठ्या अग्निबाणाला काडीऐवजी शेपटीजवळ पंख असतात. निमुळते टोक, आत इंधन भरलेली नळी, खाली वायूसाठी तोंड आणि कडेला पंख. अग्निबाणाचे मुख्य भाग एवढेच. पण ते अचूक बनवणे मात्र फार कठीण आहे.

आपल्या देशाने असा अग्निबाण स्वतः बनवावा, असे स्वप्न एका माणसाने पाहिले. त्यांचे नाव डॉ. विक्रम साराभाई.

विक्रम यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादमध्ये झाला. त्यांचे वडील अंबालाल हे मोठे गिरणीमालक होते. आईचे नाव सरलादेवी. मुलांसाठी आईवडिलांनी घरीच शाळा काढली होती. विक्रम यांना यंत्रांची फार आवड. लहान वयातच त्यांनी दोन जाणकारांच्या मदतीने आगगाडीच्या इंजिनाची चालती प्रतिकृती तयार केली. प्रतिकृती म्हणजे खऱ्या वस्तूसारखी केलेली लहान वस्तू. लहान वस्तू नीट करता आली की मोठी करण्याचा धीर येतो, हा धडा त्यांना तेथेच मिळाला असावा.

पुढे ते शिक्षणासाठी इंग्लंडमधील केंब्रिजला गेले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यामुळे ते भारतात परतले आणि बंगळूरला डॉ. सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. अवकाशातून पृथ्वीवर येणाऱ्या विश्वकिरणांचा त्यांनी अभ्यास केला. त्यासाठी ते काश्मीरच्या उंच पर्वतावरही गेले. १९४७ साली त्यांनी अहमदाबादला भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. सुरुवातीला तिला एका महाविद्यालयातील काही खोल्याच मिळाल्या होत्या.

विश्वकिरण आणि हवेचे वरचे थर यांचा अभ्यास जमिनीवरून पुरेसा होत नाही. उपकरणे वर न्यावी लागतात. त्यासाठी अग्निबाण हवा. मुंबईचे थोर शास्त्रज्ञ डॉ. होमी भाभा यांनी या कामाला पाठिंबा दिला. १९६२ साली अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली आणि साराभाई तिचे अध्यक्ष झाले.

अग्निबाण कोठून उडवायचे? केरळात तिरुवनंतपुरमजवळ थुंबा नावाचे कोळ्यांचे छोटे गाव आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त या गावाजवळून जाते आणि समोर मोकळा समुद्र आहे. अभ्यासासाठी ही जागा उत्तम होती. पण तेथे मच्छीमारांची वस्ती होती आणि एक जुने चर्चही होते. साराभाईंनी तेथील बिशपांची भेट घेतली. बिशपांनी ही गोष्ट आपल्या लोकांपुढे मांडली. लोकांनी जागा दिली. देशाच्या कामासाठी आपले घर सोडणे सोपे नसते, हे तुम्ही लक्षात ठेवा. अग्निबाणाच्या गोष्टीत त्या कोळ्यांचाही वाटा आहे.

चर्चच्या इमारतीत काम सुरू झाले. अग्निबाणाचे भाग कधी सायकलवरून नेले जात. तेथे काम करणाऱ्या तरुणांमध्ये रामेश्वरमचा एक तरुण होता. त्याचे नाव ए. पी. जे. अब्दुल कलाम. तेच पुढे भारताचे राष्ट्रपती झाले.

२१ नोव्हेंबर १९६३ ची संध्याकाळ. पहिल्या उड्डाणाची तयारी झाली. ऐन वेळी अग्निबाण उचलणाऱ्या यंत्रात बिघाड झाला. तेव्हा सर्वांनी मिळून हातांनी तो जागेवर बसवला. उड्डाण यशस्वी झाले. आकाशात सोडियमच्या वाफेचा नारिंगी ढग दिसला. त्यावरून वरच्या थरातील वाऱ्याचा अभ्यास झाला.

सगळ्यांना आनंद झाला. पण तो अग्निबाण अमेरिकेत बनलेला होता. दुसऱ्याने दिले तर उडवायचे, नाही दिले तर थांबायचे, हे साराभाईंना पटणारे नव्हते. भारतीय अग्निबाण तयार करण्याचे काम त्यांनी सुरू केले. २० नोव्हेंबर १९६७ रोजी थुंबा येथून आपला पहिला अग्निबाण उडाला. त्याचे नाव रोहिणी-७५. त्याची जाडी अवघी ७५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन इंच होती! मोठ्या देशांच्या अग्निबाणांपुढे तो खेळण्यासारखा दिसला असता. पण तो आपला होता. त्यातील चुका आपल्या होत्या आणि त्यातून मिळालेले शिक्षणही आपलेच होते. इंग्लंडमध्ये काम करणारे पुण्याचे शास्त्रज्ञ डॉ. वसंत गोवारीकर यांनाही साराभाईंनी थुंब्याला आणले. गोवारीकरांनी पुढे अग्निबाणाच्या घन इंधनात मोठे काम केले.

त्या काळी अनेक लोक विचारत, की ज्या देशात पोटभर अन्न नाही, त्याने आकाशात बाण का उडवावेत? हा प्रश्न खोटा नव्हता. साराभाईंनी तो टाळला नाही. श्रीमंत देशांशी शर्यत लावावी, असे त्यांना वाटत नव्हते. उपग्रहामुळे शेतकऱ्याला पावसाची माहिती मिळावी आणि दूरच्या खेड्यात शिक्षण पोहोचावे, असे त्यांना वाटे. त्यांनी आखलेल्या योजनेप्रमाणे १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवले गेले.

ते पाहायला साराभाई मात्र नव्हते. ३० डिसेंबर १९७१ रोजी थुंब्यापासून जवळच कोवलम येथे झोपेतच त्यांचे निधन झाले. ते केवळ ५२ वर्षांचे होते. त्यांच्या सहकाऱ्यांनी काम थांबवले नाही. १९७९ साली उपग्रह नेणारा पहिला भारतीय अग्निबाण समुद्रात कोसळला. पुढच्याच वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, तसाच दुसरा अग्निबाण यशस्वी झाला. त्या प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम होते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे यान चंद्रावर उतरले. त्या यानाचे नाव होते विक्रम.

मुलांनो, आता दिवाळीत बाण उडताना दिसला की त्याची काडी खाली कोठे पडते तेवढेच पाहू नका. तो वर का गेला, याचाही विचार करा. शिंगणापूरचे आकाश आणि तुमच्या अंगणावरचे आकाश एकच आहे. त्या आकाशाला दार नाही आणि कुलूपही नाही.

स्वाध्याय
१. फुगा वेडावाकडा का पळतो आणि बाण सरळ का जातो?
२. थुंबा हे गाव का निवडले?
३. रोहिणी-७५ लहान असूनही महत्त्वाचा का होता?
४. थुंब्याच्या कोळ्यांनी जागा दिली. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केले असते? पाच-सहा वाक्ये लिहा.