सर फिरोजशहा मेहता

मुंबईचे सिंह म्हणून गाजलेले सर फिरोजशहा मेहता १८४५ साली पारशी कुळात जन्मले. १८८८ च्या मुंबई नगरपालिका कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९०७ साली काही गोऱ्या अधिकाऱ्यांनी गट बांधून त्यांस पाडण्याचा घाट घातला. जस्टिसांच्या मतांनी १६ जागा भरावयाच्या होत्या. सर फिरोजशहा १७ वे आले. परंतु निवडून आलेल्या एका गृहस्थाचा नगरपालिकेच्या कंत्राटाशी संबंध निघाला. न्यायालयाने त्याची निवड रद्द केली व ती जागा मेहतांस मिळाली. १९१५ साली ते निवर्तले.

मते जमविता येतात. कायदा चुकविता येत नाही. संस्थेशी ज्याचा व्यवहार, त्याने तिच्या कारभारात बसू नये, हा धडा आम्ही ज्ञातिबांधवांनीही आपल्या निवडणुकीत गिरवावा.